लाकडाची वीज नको, आच हवी

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत न्हाणीघराच्या कोपऱ्यात अजून कुठे कुठे तांब्याचा बंब उभा दिसतो. बहुतेक घरांत त्याची बढती होऊन तो दिवाणखान्यात गेला आहे आणि त्यात मनीप्लांट वाढतो आहे. पण ग्वाल्हेरची थंडी पुण्यासारखी लाजरी नाही. जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर येतो, धुक्यात किल्ला दुपारपर्यंत हरवलेला असतो आणि अशा सकाळी गीझर बिघडला की घरातल्या वडीलधाऱ्यांना बंबाची आठवण हमखास होते. मधल्या नळकांड्यात वरून बाभळीच्या काटक्या आणि सुताराकडच्या ढलप्या सोडायच्या, खाली जाळीतून राख पडते, भोवतीचे पाणी बघता बघता कढत होते. जाळ मध्ये आणि पाणी चहूबाजूंनी, त्यामुळे उष्णता वाया जायला फारशी वाटच नाही. ज्या कुणी तांबटाने हे यंत्र पहिल्यांदा घडवले, त्याला उष्णतेचे शास्त्र चांगले कळत होते.

बंबाचे सरपण यायचे 'टाल'वरून. पुण्या-नाशकाकडे जिला लाकडाची वखार म्हणतात, तिला ग्वाल्हेरचा मराठी माणूस हिंदीतून उचललेल्या शब्दाने टाल म्हणतो. टाली आता कमी उरल्या. ज्या आहेत, त्यांची मदार लग्नाच्या स्वयंपाकावर, हलवायाच्या भट्टीवर आणि स्मशानावर. एका अंत्यसंस्काराला चार-पाच क्विंटल लाकूड लागते. कडाक्याच्या थंडीत चौकाचौकांत अलाव, म्हणजे शेकोट्या, पेटतात, त्यांना लागणारे ओंडके वेगळे.

हे जुनेच लाकूड आता नव्या नावाने परत येते आहे. 'जैवभार', 'हरित इंधन', 'पेलेट' ही त्याची नवी नावे. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांनी कोळशाबरोबर ठरावीक प्रमाणात पेलेट, म्हणजे जैवभार दाबून केलेल्या गोळ्या, जाळावेत, असे धोरण केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये आणले. त्याचा भर शेतातल्या काडीकचऱ्यावर आहे आणि तो योग्यही आहे. पण जिथे काडीकचऱ्याला भाव येतो, तिथे लाकडाकडेही नजर वळतेच. ग्वाल्हेरहून मुरैनाकडे किंवा भिंडकडे निघालेल्या माणसाला रस्त्याच्या दोन्ही अंगांना चंबळच्या घळींत, म्हणजे बिहडांत, विलायती बाभळीचे हिरवे रान पसरलेले दिसते. एवढे सगळे लाकूड कुणी वापरत कसे नाही, हा प्रश्न त्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र मेगावॉटमध्ये शोधायला गेले की फसगत होते.

ही विलायती बाभूळ, म्हणजे महाराष्ट्रात जिला वेडी बाभूळ म्हणतात ती, मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकात ती भारतात आली. चंबळच्या बिहडांत मात्र तिला माणसाने आकाशातून आणले. नदीकाठची जमीन दरवर्षी खचत होती, घळी गावांच्या अंगावर येत होत्या. म्हणून १९८० च्या दशकात तिथे विमानातून बी टाकण्यात आले. बी रुजले आणि असे रुजले की आता उपटता येत नाही. शेंगा शेळ्या-गुरे खातात, शेणातून बी पुढच्या घळीत जाते. तिच्या सावलीत गवत धड उगवत नाही, काटा बैलाच्या खुरात मोडतो. शेतकरी तिला शिव्या देतो आणि संध्याकाळी चूल तिच्यावरच पेटवतो. कारण जळणाला ती उत्तम आहे. लाकूड जड, आच टिकाऊ, आणि बुंध्याशी तोडली की दुसऱ्या पावसाला पुन्हा फुटव्यांचा झुबका उभा.

आता हिशेब मांडू. लाकडावर चालणाऱ्या छोट्या वीजकेंद्राला एका मेगावॉटमागे वर्षाला साधारण ८ ते ९ हजार टन कोरडे लाकूड लागते. १० मेगावॉटचे केंद्र, म्हणजे वीजव्यवहारात अगदी चिल्लर, धरले तरी ८५ हजार टन झाले. बिहडाच्या रुक्ष जमिनीत हेक्टरी वर्षाला तीन टन वाढ मिळाली, असा उदार अंदाज केला तर दरवर्षी फक्त वाढीइतकेच तोडायला सुमारे २८ हजार हेक्टर हवेत. म्हणजे २८० चौरस किलोमीटर. त्या घळींतून, जिथे पायवाटही दर पावसाळ्यात बदलते, रोज दहा टनांचे २३ ट्रक बाहेर काढायचे. शिवाय चंबळच्या पात्रालगतचा पट्टा १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून घडियालांच्या अभयारण्यात आहे. तिथे कुऱ्हाड न्यायचीच नाही.

एवढे करून हाती काय येणार? अशा केंद्रात लाकडातली जेमतेम चौथाई ऊर्जा विजेत उतरते, उरलेली धुराड्यातून आणि थंड करायच्या पाण्यातून निघून जाते. त्याच मुरैना जिल्ह्यात सूर्यप्रकाश आणि बॅटरी मिळून वीज देणाऱ्या प्रकल्पासाठी २०२५ मध्ये युनिटला २ रुपये ७० पैसे असा दर निघाला. लाकडाच्या विजेला तो दर स्वप्नातही परवडणारा नाही. लाकूड तोडायला माणूस लागतो, वाहायला डिझेल लागते, वाळवायला जागा लागते. ऊन यातले काहीच मागत नाही.

शेजारच्या राजस्थानात पदमपूर आणि उनियारा इथे मोहरीच्या काडावर चालणारी वीजकेंद्रे उभी राहिली. चंबळ खोरेही मोहरीचे. त्यामुळे इथेही तसे करावे, असे म्हणणे सोपे आहे. पण जैवभाराच्या केंद्रांचा देशभरचा आजार एकच आहे. केंद्र सुरू होईपर्यंत जो कचरा असतो, तो सुरू झाल्यावर माल होतो, आणि मालाचा भाव चढतो. वीटभट्टीवाला, तेलगिरणीवाला आणि वीजकेंद्रवाला एकाच गंजीसाठी बोली लावतात. लाकडाच्या बाबतीत या लिलावात आणखी एक भिडू असतो, ज्याच्या खिशात काहीच नसते. तो म्हणजे चूल.

ग्वाल्हेरहून शिवपुरीच्या रस्त्याला लागले की घाटीगाव, मोहना या बाजूला सकाळच्या वेळी मोळ्या घेऊन चाललेल्या बायका भेटतात. बहुतेक सहरिया. मोळी वीस-पंचवीस किलोंची, डोक्यावर लुगड्याची चुंबळ, पायांत प्लास्टिकची चप्पल. मोळी बांधायची तऱ्हा पाहण्यासारखी असते. जाड काठ्या खाली आणि मध्ये, बारीक काटक्या भोवती, म्हणजे तोल डोक्याच्या बरोबर वर येतो आणि विकतानाही जाड लाकूड आत दडून राहत नाही, टोकांशी दिसते. गिऱ्हाईक तेच पाहून भाव करते. सहरियांची गणना सरकार विशेष मागास आदिवासी गटांत करते. डिंक, मध, तेंदूपत्ता, खैर हे सगळे त्यांच्या हातातून जात आले. शिवपुरीचा काथ पानाच्या ठेल्यांवर पोचला, त्याच्या मुळाशी खैराची खोडे तोडणारे, वाहणारे हेच लोक होते.

कुनोच्या जंगलातून १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून २४ गावे उठवली, तीही मुख्यतः सहरियांची. उठवली गीरच्या सिंहांसाठी. सिंह आले नाहीत. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून चित्ते आले. नव्या जागी जमीन मिळाली, पण साळईचा डिंक आणि चुलीचे सरपण मागे राहिले. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांतून वाळलेले, पडलेले लाकूडसुद्धा काढू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १४ फेब्रुवारी २००० पासून आहे. घाटीगावचे अभयारण्य १९८१ मध्ये माळढोकासाठी झाले. माळढोक तिथून कधीच दिसेनासा झाला. सोलापूरच्या नान्नज माळढोक अभयारण्याची गोष्ट ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही कहाणी वेगळी सांगायला नको. पक्षी गेला तरी बंधने राहतात.

'जंगलातल्या लाकडाची क्षमता किती' हा प्रश्न विचारताना या मोळीवालीला वजा करून चालत नाही, कारण ती क्षमता आधीपासून वापरात आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०११ च्या अहवालाने देशात वर्षाला २१ कोटी ६० लाख टनांच्या आसपास जळण लागते आणि त्यातले सुमारे पावणेसहा कोटी टन थेट जंगलातून येते, असे म्हटले होते. याच संस्थेच्या २०१९ च्या अहवालात जळणासाठी जंगलावर सर्वाधिक विसंबून असलेले राज्य निघाले महाराष्ट्र. मध्य प्रदेश चारा, बांबू आणि किरकोळ लाकडात पुढे. मुंबई-पुण्याच्या राज्यात हा पहिला क्रमांक कुणी फारसा मिरवला नाही, हे समजण्यासारखे आहे.

पण उज्ज्वला योजना आली ना २०१६ मध्ये? आली, आणि तिने घरोघर शेगडी पोचवली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र भरलेले सिलिंडर पुन्हा पुन्हा आणणे ही वेगळी गोष्ट. सिलिंडरमधला १४.२ किलो गॅस जेवढी आच भांड्याला देतो, तेवढी पारंपरिक चुलीतून मिळवायची तर अंदाजे अडीच क्विंटल कोरडे लाकूड जाळावे लागते, कारण त्या चुलीतली दहापैकी नऊ भाग उष्णता भिंतीला आणि धुराला जाते. म्हणजे एका सिलिंडरला दहा मोळ्या. ज्या घरात मोळी आणायला फक्त स्वतःचे पाय लागतात आणि सिलिंडरला रोकड लागते, तिथे निवड कोणती होईल, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. हीच चूल सुधारून तिची कार्यक्षमता पंचवीस टक्क्यांवर नेली तर अडीच क्विंटलांचा एक क्विंटल होतो. दहा मोळ्यांच्या चार. एक झाडही न लावता.

ही अंकगणिते शेजारी शेजारी ठेवली की चित्र स्वच्छ होते. चुलीवर स्वयंपाक करणारे कुटुंब दिवसाला पाच-सहा किलो, वर्षाला दोन टन लाकूड जाळते. वर सांगितलेले १० मेगावॉटचे केंद्र खाते ८५ हजार टन, म्हणजे बेचाळीस हजार चुलींचे सरपण. उलट शंभर उंबऱ्यांच्या गावाला, हेक्टरी तीन टनांच्या त्याच हिशेबाने, सत्तर हेक्टरांच्या आतबाहेर बिहड पुरते. सुधारित चूल आली तर त्याहून निम्म्यात भागते. बिहडाला गाव पोसणे जमते, ग्रिड पोसणे जमत नाही.

स्वीडनमधल्या वेक्श्यो शहराचे उदाहरण या विषयावरच्या प्रत्येक भाषणात येते. तिथे १९८० पासून जंगलातल्या फांद्या-भुशावर शहराचे उष्णताकेंद्र चालते आणि १९९६ मध्ये त्या शहराने खनिज इंधन सोडायचे ठरवले. भाषणात सहसा गाळला जातो तो भाग असा, की तिथला पहिला माल वीज नव्हे, गरम पाणी आहे, जे रस्त्याखालच्या नळांतून घरोघर जाते. वेक्श्यो म्हणजे आपल्या बंबाचाच थोरला अवतार. उलट इंग्लंडमधले ड्रॅक्सचे अजस्र केंद्र अमेरिकेतल्या जंगलांचे पेलेट जहाजातून आणून त्यांची वीज करते. त्याला हिरवे म्हणायचे की नाही, यावर तिकडे वर्षानुवर्षे वाद चालू आहे. ग्वाल्हेरने शिकायचेच तर पहिल्याकडून शिकावे.

आच कुणाला हवी आहे? मुरैनाच्या गजकला हवी आहे. थंडीत चंबळच्या दोन्ही तीरांवर गजक बनते. गुळाचा पाक आटवायचा, तो भिंतीतल्या खुंटीवर टाकून पांढरट होईपर्यंत ओढायचा, मग भाजक्या तिळांत घालून लाकडी मोगऱ्यांनी कुटायचा. पाकाला सारखी आणि दमदार आच लागते. ती कमीजास्त झाली की गजक दातांना चिकटते. २०२३ मध्ये मुरैनाच्या गजकला भौगोलिक मानांकन मिळाले. भट्ट्या कुठे गॅसवर, कुठे डिझेलवर, कुठे लाकडावर चालतात. खवा आटवणाऱ्यांच्या भट्ट्या आहेत, ढाबे आहेत, वसतिगृहांची स्वयंपाकघरे आहेत. या सगळ्यांना वीज नको, उष्णता हवी आहे. चांगल्या बांधणीच्या बंदिस्त भट्टीत लाकडातली साठ-सत्तर टक्के उष्णता कामी येते. एकच काटकी तिथे वीजकेंद्रापेक्षा दुपटीहून अधिक काम करते.

अर्थात धूर. ग्वाल्हेरला या विषयात बेफिकीर राहण्याची मुभा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या यादीत सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत हे शहर इराणमधल्या झाबोलखालोखाल जगात दुसरे होते. घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. दोष एकट्या चुलीचा नव्हता, वाहने, बांधकामे, रस्त्यावरची धूळ सगळेच त्यात होते. पण शहरात उघड्यावर ओले लाकूड जाळणे या आकड्यात भरच घालते. म्हणून लश्कर, मुरार, ग्वाल्हेर या शहरी भागात लाकूड जळावे ते फक्त धुराडे आणि पंखा असलेल्या बंद भट्टीत, आणि तेही वाळलेले. स्मशानासाठी शहरातल्याच लाल टिपाऱ्याच्या गोशाळेतले शेण आधी वापरावे. तिथे शेणापासून गॅस करणारा प्रकल्प २ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाला आहे, आणि शेणाच्या ओंडक्यांची, म्हणजे गोकाष्ठाची, कल्पना मध्य प्रदेशाला नवी नाही.

कुठले लाकूड, हा यापुढचा मुद्दा, आणि यात वनखात्याने हात आखडता घ्यावा. शिवपुरी-श्योपूरच्या खऱ्या जंगलाचा आत्मा म्हणजे करधई. आपल्या धावड्याची ही बहीण. उन्हाळ्यात ती वाळक्या काटक्यांचा भारा दिसते आणि पावसाआधीच्या दमट हवेनेच तिला पालवी फुटते, असे इकडचे लोक कौतुकाने सांगतात. तिचे लाकूड चिवट, कोळसा झकास, वाढ मात्र कासवाची. तिला ऊर्जेच्या हिशेबात धरणे म्हणजे आजोबांचे ताट मोडून भंगारात घालणे. ऊर्जेसाठी घ्यायची ती वेडी बाभूळ, आणि शेताच्या बांधावर मुद्दाम लावलेली झाडे. झाशी इथे, ग्वाल्हेरपासून शंभर किलोमीटरवर, १९८८ पासून शेती आणि झाडे एकत्र वाढवण्यावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. ग्वाल्हेरात २००८ पासून राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठ आहे. खासगी जमिनीवरची झाडे आराखड्याप्रमाणे तोडता यावीत यासाठी मध्य प्रदेशाने २००१ मध्ये लोकवानिकी कायदा केला. एवढी सामग्री जवळ असताना बांधावरचे लाकूड टालीवर कमी आणि चोरून आणलेले जंगली लाकूड जास्त, असे का होते, याचे उत्तर कागदपत्रांच्या जंजाळात आहे. शेतकऱ्याला स्वतःचे झाड तोडायची जितकी धास्ती वाटते, तितकी लाकूडचोराला जंगलाची वाटत नाही.

बिहडातली बाभूळ सरसकट साफ करणे हाही मूर्खपणाच ठरेल. तिने माती धरून ठेवली आहे. घळ उघडी पडली की एका जोरदार पावसात शेत खाली जाते. वनखात्याला ठाऊक असलेली जुनी रीत इथे बरोबर बसते. क्षेत्राचे पाच-सहा कूप, म्हणजे तोडणीचे तुकडे, पाडायचे, दरवर्षी एकाच कुपात तोडणी करायची, बुंधे ठेवायचे, घळीचा उतार आणि काठ सोडायचा, आणि मोकळ्या जागी गवत आणि खैर-करधईची रोपे घालायची. पहिला कूप पुन्हा तोडायला येईपर्यंत तो पुरता दाट झालेला असतो.

हे काम कुणी करायचे, याचे उत्तर ग्वाल्हेर संस्थानाच्या काळापर्यंत मागे जाते. गावकऱ्यांना जंगलातून सरपण, काटेकुटे, औतांचे लाकूड घेण्याचा रिवाज होता, त्याला निस्तार म्हणतात. विदर्भातल्या वाचकांनी निस्तारपत्रक हा शब्द आजोबांच्या तोंडून ऐकलेला असेल. २००६ च्या वनहक्क कायद्याने, पूर्वीच्या संस्थानांत चालत आलेल्या हक्कांसह, निस्ताराला सामूहिक हक्क म्हणून मान्यता दिली. गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि बुंधेही घातले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने या कायद्याच्या आधारे २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना मिळवला. धुळ्यातल्या बारीपाड्याने तर कायदा होण्याआधीच आपले जंगल राखले, त्याचे दंडाचे नियम स्वतः केले, आणि या कामामागच्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. बांबू विकता येतो तर वेड्या बाभळीचे लाकूड का नाही? सहरियांच्या ग्रामसभेला शेजारच्या बिहडाचे कूप आणि टालीला थेट विकायचा परवाना मिळाला, तर रोजची मोळी बंद होईल असे नाही, पण तिच्याबरोबर येणारी वनरक्षकाची धास्ती तरी जाईल.

सुधारित चुलीचे आणि कोळशाचे तंत्र मराठी माणसाच्या ओळखीचे आहे. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीसाठी पुण्याच्या आरती संस्थेला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्या पद्धतीत बाभळीच्या बारीक काटक्या, ज्या मोळीत बसत नाहीत आणि घळीत तशाच सडतात, त्याही बसवता येण्यासारख्या आहेत.

या सगळ्यात अडचण येते ती एका अगदी साध्या ठिकाणी. तोडलेल्या ओल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मे पाणी असते. असे लाकूड तसेच जाळले तर आचेचा काही भाग पाणी उडवण्यातच जातो आणि धूरही वाढतो. बाभूळ तोडायचा हंगाम हिवाळ्याचा, गजकच्या भट्ट्याही तेव्हाच पेटतात. त्यामुळे या डिसेंबरात तोडलेले लाकूड चिरून, उन्हाळाभर वाळवून, पावसात पत्र्याखाली ठेवून पुढच्या डिसेंबरातच भट्टीत घालायच्या लायकीचे होते. तोवर मजुरी दिली गेलेली असते आणि पैसा चट्ट्यांत अडकलेला असतो. टालीवाला एवढे थांबत नाही, म्हणून ओले विकतो. मोळीवाली थांबूच शकत नाही. ग्रामसभेच्या पहिल्या कुपाला वर्षभराचे बिनव्याजी भांडवल आणि घाटीगावच्या बाजूला पत्र्याचे एक मोठे छप्पर, एवढे जिल्हा प्रशासनाने येत्या अंदाजपत्रकात घातले, तरी त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मुरैनाच्या भट्ट्यांवर कोरडे लाकूड पोचू शकते.